व्ही-क्रॉसला हेवी पाटे आणि लोखंडी बंपर, की मीडियम सेटवर भागवावं?

इसुझूची व्ही-क्रॉस नाहीतर टोयोटाची हायलक्स, म्हणजे मागे उघडा हौदा असलेली पिकअप, घेतलेला माणूस पहिलं वर्ष गप्प बसतो, मग एकदा कुठेतरी चिखलात पोट टेकतं, पुढच्या बंपरची खालची प्लास्टिकची कड तुटते आणि त्या रात्रीपासून मोबाइलवर सस्पेन्शनचे व्हिडिओ सुरू होतात. तिथून रस्ते दोनच. एक म्हणजे सगळंच करायचं, लोखंडी बंपर, त्यात विंच (अडकलेली गाडी दोरीने ओढून काढणारं यंत्र), पुढे जाड कॉइल स्प्रिंग, मागे हेवी पाटे, म्हणजे पट्ट्यांच्या थराचे स्प्रिंग. दुसरा म्हणजे गाडी पुढेमागे दोनेक इंच उचलणारा, मध्यम ताकदीच्या स्प्रिंगचा मीडियम सेट, पोटाखाली दगडांपासून वाचवणारी चांगली स्किड प्लेट आणि बंपर कंपनीचाच ठेवायचा. आमच्या घरात योगायोगाने दोन्ही आहेत, कारण दाजींची व्ही-क्रॉस पहिल्या पद्धतीची आणि माझी दुसऱ्या, आणि सणावाराला गाड्यांची अदलाबदल चालूच असते. तेव्हा मी मोजमाप काही केलेलं नाही, पण दोन्ही गाड्या त्याच रस्त्यांवर, बहुतेक वेळा त्याच माणसांना घेऊन चालवल्यात, त्यावरून जे वाटलं ते लिहितोय.

आधी एक गोष्ट जी दुकानात सहसा कोणी बोलत नाही. हे सगळं सामान मुळात ऑस्ट्रेलियाच्या हिशोबाने बनलेलं आहे. ओल्ड मॅन एमू हा एआरबी कंपनीचा सस्पेन्शनचा ब्रँड, एआरबी १९७५ पासून मेलबर्नची, आयर्नमॅनही तिथलीच. तिकडचा माणूस गाडी घेतो आणि तिच्यावर बुल बार (पुढचा लोखंडी बंपर), दुसरी बॅटरी, कॅनोपी (हौद्यावरचं बंद छप्पर), फ्रिज, पाण्याची टाकी, छतावर तंबू असं सगळं कायमचं चढवतो, आणि रात्री शंभरच्या स्पीडला कांगारू आडवा येईल या भीतीने पुढे लोखंड लावतो. त्यामुळे त्यांच्या यादीत 'मीडियम' किंवा 'हेवी' असं लिहिलेलं असतं ते तेवढं वजन गाडीवर कायम आहे हे धरून. आपण काय करतो, तर गाडीवर एक स्टेपनी, एक जॅक आणि मागे दोन बॅगा घेऊन हेवी सेट मागवतो, का तर हेवी म्हणजे मजबूत असणार. आणि इथेच सगळी गोची आहे.

माझ्यासाठी निर्णय ज्या एका गोष्टीने झाला ती म्हणजे रिकामा हौदा आणि गावाकडचे स्पीडब्रेकर.

कऱ्हाडहून पाटणमार्गे कुंभार्ली घाट उतरून चिपळूणला जा, वाटेत गावोगाव स्पीडब्रेकर लागतात, काही पांढरे पट्टे मारलेले, काही कोणी लग्नाच्या आदल्या दिवशी मुरूम टाकून केल्यासारखे. दाजींच्या गाडीत पुढची चाकं त्यावरून आरामात जातात, कारण पुढे बंपर आणि विंचचं वजन आहे आणि कॉइल त्याच वजनाचे, तिथे जोडी जमलेली आहे. मग मागची चाकं येतात आणि गाडी लाथ मारते. दुसरा शब्द नाही. हौद्यातला फावडा उडून पत्र्यावर खण्णकन आपटतो, मागच्या सीटवर आई बसलेली असते ती वरचं हँडल दोन्ही हातांनी धरून, आणि चौथ्या-पाचव्या गावानंतर ती बोलायची बंद होते, जे आमच्याकडे फार वाईट लक्षण मानलं जातं. मी गाडी दहाच्या स्पीडला आणली तरी तेच. शॉकअप दोष देण्यासारखे नव्हते, फिटिंगही व्यवस्थित होतं. पाटाच हलत नव्हता.

का ते थोडं सांगतो. पाटा दबला की तो सपाट होतो, म्हणजे लांबीला वाढतो, आणि ती वाढलेली लांबी मागचा शॅकल, म्हणजे पाट्याचं टोक चेसिसला जोडणारी हलती कडी, झुकून सामावून घेतो. तीन-चारशे किलोसाठी बनवलेला पाटा रिकाम्या गाडीखाली पूर्ण कमान करून उभा असतो, शॅकलही ताठ, त्यामुळे सुरुवातीचा धक्का गिळायला तिथे कोणी नसतंच, तो तसाच चेसिसला जातो. हौद्यात सामान भरा, तीच गाडी एकदम शहाणी होते. दाजींच्या गाडीत खताची पोती भरून आम्ही शेतावर जातो तेव्हा ती माझ्या गाडीपेक्षा छान चालते, हे प्रामाणिकपणे सांगायला पाहिजे. माझी तेवढ्या वजनाला मागे बसते आणि हेडलाइट झाडांच्या शेंड्यांवर जातात.

पण मग दाजींनी काय केलं, तर हौद्यात वाळूची पोती ठेवायला सुरुवात केली. कायमची. गाडी मऊ व्हावी म्हणून. म्हणजे लाखाच्या वर खर्च करून वजन उचलणारे पाटे आणायचे आणि मग त्यांना काम मिळावं म्हणून वजन विकत घ्यायचं. पावसाळ्यात ती पोती भिजतात, वाळू निथळून हौद्याच्या कोपऱ्यात बसते, पाणी जायची भोकं बुजतात आणि खाली गंज धरतो. मी एकदा हळूच बोलून बघितलं तर म्हणाले, "पाव्हणं, पिकअप रिकामी फिरवायला घेतलीय व्हय आपण?" आता ह्याला उत्तर नाही, पण खरं बघाल तर दहातले आठ दिवस ती रिकामीच फिरते. माझीही.

बरं, प्रश्न फक्त आईच्या कंबरेचा नाही. ओल्या घाटात, टू-व्हीलमध्ये (ताकद फक्त मागच्या चाकांना), वळणावर जर रस्ता खडबडीत असेल तर रिकामी ताठ गाडी मागून तिरकी सरकते, एखाद-दुसरी टप्पी घेते. मीडियम सेटवर हे मला जवळपास जाणवलं नाही. ऑफ-रोडलाही पाटा जितका सहज वाकेल तितकं चाक जमिनीला धरून राहतं, ताठ पाट्याचं चाक लवकर हवेत जातं आणि मग नुसतं गरगर फिरत बसतं. चालवणाऱ्याच्या सवयीचाही भाग असेल, दाजी जरा गरम चालवतात, पण मला तरी फरक स्पष्ट वाटला.

शॉकअपबद्दल फार वाद घालू नये असं माझं मत. साधे ट्विन-ट्यूब गॅसवाले, फोम सेलवाले, मोनोट्यूब, वरून नॉब फिरवून ॲडजस्ट होणारे, सगळे चांगलेच आहेत. महागडे शॉकअप खरी कमाल दाखवतात ते तासन्‌तास खडखडाटी कच्च्या रस्त्यावर, जिथे आतलं तेल तापून फेसाळतं आणि शॉकअप ढिला पडतो. लडाख-स्पितीला दरवर्षी जाणारे असाल तर विचार करा. सह्याद्रीत आपला त्रास वेगळा, चिखल, दगड आणि चढ. मोनोट्यूबची बाहेरची नळी हीच पिस्टनची नळी असते, तिला जांभ्याच्या दगडाने पोचा पडला तर पिस्टन अडकू शकतो, ट्विन-ट्यूबला बाहेरून एक जादा कवच असतं. त्या एका कारणाने मी ट्विन-ट्यूब घेतले आणि पैसे वाचले ते स्किड प्लेटला घातले.

उंचीची हाव मात्र नको. ह्या गाड्यांना पुढे इंडिपेंडंट सस्पेन्शन (दोन्ही चाकं स्वतंत्र हलणारं), दोन इंचाच्या वर गेलात की ड्राइव्ह शाफ्टचे कोन बिघडतात, सीव्हीचे, म्हणजे शाफ्टच्या टोकाच्या वाकणाऱ्या सांध्याचे, रबर बूट लवकर फाटतात आणि फाटलेल्या बुटात एका पावसाळ्याचा चिखल गेला की पुढचं सांगायला नको. मग वरचे कंट्रोल आर्म बदला, अमुक बदला. नुसते स्पेसर टाकून गाडी उंच करून देणारे आहेत, स्वस्तात होतं, दिसतंही छान, मी नादी लागलो नाही.

आता बंपर. लोखंडी बंपरचे फायदे खोटे नाहीत. कोपरे वर उचललेले असल्याने चढाला गाडी लवकर टेकत नाही, विंचला बसायला नीट जागा मिळते, झुडपातून बिनधास्त घुसता येतं. दाजींच्या गाडीसमोर रानडुक्कर आलं असतं तर त्यांना माझ्याइतकी धडकी भरली नसती. पण बंपर पन्नास-साठ किलोच्या घरात, विंच दोरीसकट अजून तीस-चाळीस, आणि हे सगळं पुढच्या चाकांच्याही पुढे लटकणार. ब्रेक मारला की नाक खाली, स्टिअरिंग जडशीळ, म्हणून मग हेवी कॉइल, पुढे हेवी म्हणून मागेही हेवी, आणि आपण परत त्या स्पीडब्रेकरवर. म्हणजे सस्पेन्शन आणि बंपर हे दोन वेगळे निर्णय वाटतात, पण बंपर ठरला की सस्पेन्शन आपोआप ठरतं. म्हणून आधी बंपरचं ठरवा, कॉइल-पाट्यांच्या दुकानात नंतर जा.

आणि कायदा. डिसेंबर २०१७ मध्ये केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने राज्यांना पत्र पाठवून बुल बार आणि क्रॅश गार्डवर कारवाई करायला सांगितलं, आधार मोटार वाहन कायद्याचं कलम ५२. जानेवारी २०१९ मध्ये सुप्रीम कोर्टानेही सांगितलं की कंपनीच्या मूळ स्पेसिफिकेशनच्या विरोधात जाणारे बदल चालणार नाहीत. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनंतर बेकायदा बदल करणाऱ्या मालकाला प्रत्येक बदलामागे पाच हजार दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं. काटेकोर वाचलं तर उंच केलेली गाडीही ह्यातून सुटत नाही, तेव्हा मी फार साळसूदपणाचा आव आणत नाही. पण फरक असा की पोटाखालची प्लेट नाक्यावर कोणाला दिसत नाही आणि तिने पायी चालणाऱ्याच्या गुडघ्याला काही होत नाही. लोखंडी बंपरमुळे पुढच्या भागाने चुरगळून धक्का खायचा तो हिशोब बदलतो, त्याच्याशी एअरबॅगचं टायमिंग जोडलेलं असतं. एअरबॅगला चालणारे म्हणून डिझाइन केलेले बंपर मिळतात, पण गल्लीतल्या फॅब्रिकेशनवाल्याकडे जाड पत्रा वाकवून बनवलेला बंपर त्यात येत नाही, तो कितीही दणकट दिसू दे. अपघात झाला तर इन्शुरन्सचा सर्व्हेअर पहिला प्रश्न त्यावरच विचारणार.

माझ्या गाडीला मी तुटलेली प्लास्टिकची कड परत लावलीच नाही, तेवढंच पुढून थोडं मोकळं झालं. इंजिन, गिअरबॉक्स आणि ट्रान्सफर केसखाली प्लेट, पुढे चेसिसला बोल्ट केलेले रेटिंगवाले रिकव्हरी पॉइंट, हौद्यात किनेटिक दोरी (ताणली जाणारी ओढायची दोरी) आणि दोन ट्रॅक्शन बोर्ड (रुतलेल्या चाकाखाली घालायच्या फळ्या). एकट्याने रानात जात असाल तर विंचला पर्याय नाही हे मान्य, पण आपण बहुतेक वेळा दोन-तीन गाड्या मिळून जातो आणि नाहीच निघाली तर गावात ट्रॅक्टर असतोच. मागचा बंपर माझा एका ओढ्यात टेकून वाकलाय. पिकअपचं मागचं शेपूट लांब, ते टेकणारच. वाकू दे.

फिटिंगबद्दल दोन गोष्टी, ह्या कुठलाही सेट घेतला तरी लागू. पाट्यांचे आणि आर्मचे रबरी बुशचे बोल्ट शेवटचे टाइट करताना गाडी चाकांवर जमिनीवर उभी पाहिजे. गाडी लिफ्टवर लटकत असताना टाइट केले तर रबर कायम पिळलेलं राहतं, गाडी कडक वाटते आणि बुश लवकर जातात, मग आपण शिव्या शॉकअपला देतो. माझ्या वेळेला मेकॅनिक नको म्हणत होता, मी तिथेच उभा राहून करून घेतलं. दुसरं, पाटे ॲक्सलला धरून ठेवणारे यू-बोल्ट नवेच टाका, जुने परत वापरू नका, आणि पाचशे-हजार किलोमीटरनंतर परत आवळून घ्या. अलाइनमेंट आणि हेडलाइट खाली करणं हे तुम्हाला माहीत असणारच.

तर मग कोणी काय घ्यावं? कॅनोपी आणि छतावरचा तंबू कायमचा चढवलेला असेल, ट्रेलर ओढायचा असेल, किंवा हौदा रोज भरलेलाच असेल, तर दाजींचं पॅकेज बरोबर आहे आणि माझा सेट तुम्हाला पुचाट वाटेल. घरची माणसं घेऊन फिरायचं, महिन्यातून कधी शेतमाल, पावसाळ्यात चिखल खेळायचा असं असेल तर मला वाटतं मीडियमच्या वर जाऊ नये, खरं तर लाइटसुद्धा बघून घ्यावा. कधीतरीच्या जादा वजनासाठी पाट्याबरोबर हवेची बॅग बसवता येते, रिकामं असताना हवा कमी करायची, तो विचार माझ्याही डोक्यात आहे. आणि पैसे घालण्याआधी एकदा मागच्या टायरची हवा बघा, बऱ्याच गाड्यांत ती भरलेल्या हौद्याच्या हिशोबाने मारलेली असते. जरा कमी करून चार दिवस चालवा, काहींचं तेवढ्यावरच भागतं.

ऑर्डर द्यायच्या आधी भुईकाट्यावर जा. नेहमीचं सामान, नेहमीची माणसं, टाकी फुल. आधी फक्त पुढची चाकं काट्यावर घ्या, मग पूर्ण गाडी, मग फक्त मागची, आणि पावत्या जपून ठेवा. नंतर बंपर-विंचचं वजन पुढच्या आकड्यात मिळवून कॉइल मागा, मागच्या आकड्यावरून पाटे. मी हे केलं तेव्हा काट्यावरचा पोरगा विचारत होता, ऊस कुठाय.