२८ हजारांचे प्रमाणपत्र आणि न छापलेले तास: आठ महिन्यांनंतर

अंधेरीतील एका खासगी संस्थेचा चित्रपट-संकलनाचा (एडिटिंगचा) सहा महिन्यांचा सर्टिफिकेट कोर्स मी चित्रपट विषयातील पदवी चालू असतानाच शनिवार-रविवारी केला. शुल्क २८,००० रुपये, शिवाय डोंबिवलीहून येण्याजाण्याचा खर्च वेगळा. या शिक्षणाचे श्रेयांक (पदवीसाठी जमवायचे क्रेडिट) मायनरमध्ये, म्हणजे दुय्यम विषयात, किंवा व्हीएससीमध्ये, म्हणजे व्यावसायिक कौशल्य अभ्यासक्रमात, कुठेतरी धरले जातील, असे मी कोणालाही न विचारता गृहीत धरले होते. ते धरले गेले नाहीत.

प्रमाणपत्राच्या सोनेरी काठाच्या जाड कागदावर माझे नाव, संचालकांची सही, क्यूआर कोड असे सर्व काही आहे; अभ्यासक्रम किती तासांचा होता, एवढेच नाही. श्रेयांकांचे गणित मात्र तासांवरच चालते: थिअरीचे १५ तास किंवा प्रात्यक्षिकाचे ३० तास म्हणजे एक श्रेयांक. २४ आठवडे, आठवड्याचे दोन दिवस, रोज तीन तास, असे एकूण १४४ तास होतात आणि प्रात्यक्षिकाच्या दराने चार श्रेयांक होऊन वर २४ तास उरतात, हा हिशेब मी वहीत मांडून नेला होता. आमच्या समन्वयक मॅडमनी ती वही उघडलीसुद्धा नाही, तेव्हा मला महाविद्यालयाचाच राग आला.

संस्थेकडे चार फेऱ्या मारून तासांचे पत्र मिळवले, तेव्हा माझे मत बदलावे लागले. मॅडमनी पत्र वाचून शांतपणे सांगितले की, ॲकॅडेमिक बँक ऑफ क्रेडिट्समध्ये, म्हणजे विद्यार्थ्यांचे श्रेयांक साठवणाऱ्या राष्ट्रीय डिजिटल व्यवस्थेत, नोंद नसलेल्या संस्थेला माझ्या खात्यात श्रेयांक जमाच करता येत नाहीत, मग तास १४४ असोत वा १,४४०. माझ्या वर्गमैत्रिणीने मात्र आधी महाविद्यालयाची मान्यता घेऊन ‘स्वयम्’ या सरकारी ऑनलाइन शिक्षण-मंचावरील आठ आठवड्यांचा अभ्यासक्रम केला आणि केवळ परीक्षाशुल्कात दोन श्रेयांक मिळवले. यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) २०२१ च्या नियमांनुसार एका सत्रातील ४० टक्क्यांपर्यंत अभ्यासक्रम तेथून करता येतात, हे मला प्रवेशापूर्वी वाचता आले असते. महाविद्यालयाविरुद्धची तक्रार मी मागे घेतली. संस्थेविरुद्धची कायम आहे.

तरीही कोर्स वाया गेला, असे म्हणवत नाही. सहाव्या सत्रातील ओजेटीसाठी (प्रत्यक्ष कामाच्या ठिकाणच्या प्रशिक्षणासाठी), म्हणजे चार श्रेयांकांच्या १२० तासांसाठी, ओशिवऱ्यातील एका पोस्ट-प्रॉडक्शन स्टुडिओत गेलो, तेव्हा प्रमाणपत्र कोणी मागितले नाही. दोन कॅमेऱ्यांचे रशेस (कच्चे चित्रीकरण) आणि वेगळा ध्वनी हाती देऊन ‘सिंक करून, प्रॉक्सी बनवून ठेव’ एवढेच सांगितले; म्हणजे चित्र आणि ध्वनी जुळवायचे आणि संकलनासाठी हलक्या प्रती तयार करायच्या. ते मला जमले. महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत एका संगणकामागे आम्ही पाचजण बसत असल्याने तेथे ते शिकणे कठीणच होते. (ज्या सॉफ्टवेअरवर शिकवले, त्याची मोफत आवृत्ती उपलब्ध असताना शुल्कात ‘सॉफ्टवेअर’ म्हणून २,००० रुपये का होते, हे मात्र अजून कळलेले नाही.)

तास छापलेले नवे प्रमाणपत्र देण्यासाठी संस्थेने आता ५०० रुपये मागितले आहेत. ते मी भरलेले नाहीत.