‘म्युझिक फॉर १८ म्युझिशियन्स’ प्रत्यक्ष ऐकताना: तिकीट कुठलं काढावं, लक्ष कुठे ठेवावं

तिकीट काढायच्या आधी कार्यक्रमपत्रिकेत कंडक्टरचं नाव आहे का ते बघून घ्या. अमेरिकी संगीतकार स्टीव्ह राइखच्या या रचनेला कंडक्टर लागत नाही, आणि प्रत्यक्ष ऐकण्यातली निम्मी गंमत तिथेच आहे. कुणी समोर उभं राहून हात हलवणार असेल तर स्वर तेच ऐकू येतील, पण बघण्यासारखं बरंच कमी होईल.

रचना १९७४ ते १९७६ या काळातली. २४ एप्रिल १९७६ रोजी न्यूयॉर्कच्या टाउन हॉलमध्ये ती पहिल्यांदा वाजली. मंचावर चार पियानो, तीन मरिंबा आणि दोन झायलोफोन (दोन्ही लाकडी पट्ट्यांवर काठीने वाजवायची वाद्यं), एक व्हायब्राफोन (तसाच, पण धातूच्या पट्ट्यांचा), फुंकून वाजवायच्या दोन क्लॅरिनेट (तेच दोघे मधूनमधून खालच्या पट्टीची बास क्लॅरिनेट घेतात), एक व्हायोलिन, एक चेलो आणि चार गायिका. सगळं मिळून सुमारे तासभर, अखंड. मध्यंतर नाही, त्यामुळे उशिरा येणाऱ्याला बहुतेक ठिकाणी आत सोडत नाहीत. सोडलं तरी उपयोग नाही, कारण पहिली चार-पाच मिनिटं चुकली की पुढचा नकाशाच हातात नसतो. त्या मिनिटांत अकरा स्वरसंघात (कॉर्ड, म्हणजे एकत्र वाजणारे स्वर) एकामागून एक येतात, प्रत्येकी साधारण पंधरा-वीस सेकंद. नंतर त्यातला एकेक घेऊन त्याचा पाचेक मिनिटांचा विभाग होतो आणि शेवटी सगळी माळ परत फिरते.

घरी हेडफोनवर मरिंबाचा एकच सलग प्रवाह ऐकू येतो. सभागृहात कळतं की तो दोघांत वाटलेला आहे: एक जण ठोक्यावर मारतो, दुसरा दोन ठोक्यांच्या मध्ये. चाल सेकंदाला सहा-सात आघातांची. एकाची मॅलेट (वाजवायची काठी) खाली येते तेव्हा दुसऱ्याची वर असते, आणि हे मिनिटन् मिनिटं चालतं. बिघडतं तेही इथेच. मधल्या जागेचा वादक दमून किंचित सरकला की तो जोडीदाराच्या ठोक्यावर जाऊन आपटतो. दोन आघातांचा एक होतो आणि सायकलची चेन सटकावी तशी पोकळी ऐकू येते. कसलेला वादक अशा वेळी हात थांबवतो, जोडीदाराला दोन-चार ठोके ऐकतो आणि हलक्या हाताने पुन्हा आपल्या जागी शिरतो. कच्चा वादक जोर वाढवतो आणि शेजाऱ्यालाही ओढून नेतो.

या यंत्रासारख्या लयीवर दुसरं माप आहे श्वासाचं. क्लॅरिनेट आणि गायिका एकच स्वर स्पंदत वाढवतात, ओसरू देतात, आणि दम संपला की थांबतात. म्हणजे लांबी ठरवणार फुप्फुस. बास क्लॅरिनेटची ती खालची घरघर घाटात चढणाऱ्या ट्रकसारखी जवळ येते आणि वळणाआड जाते. साध्या स्पीकरवर ती जवळजवळ नाहीशीच होते. या एका आवाजासाठीसुद्धा तिकिटाचे पैसे वसूल आहेत.

विभाग बदलायची खूण व्हायब्राफोन देतो, त्याची स्वर थरथरवणारी मोटर बंद ठेवून. ढोल-ताशा पथकात ताशावाला जे करतो तेच काम: त्याचा तुकडा वाजला की सगळे पुढच्या हातावर जातात. राइखने १९७० मध्ये घानात ढोलवादन शिकून घेतलं होतं, पुढे बालीचं गॅमेलान, म्हणजे तिथलं घंटा-पट्ट्यांचं समूहवादनही. तिथेही बदलाची खूण वाजवतच दिली जाते. तेव्हा व्हायब्राफोनकडे कोण चालत निघालंय यावर नजर ठेवा. तो उठला की बदल जवळ आला.

आपल्या कानाला एक अडचण येते ती समेची. तबल्याच्या सोलोत लेहरा, म्हणजे तीच तीच फिरणारी सुरावट, धरणाऱ्याकडे फारसं कुणी बघत नाही. इथे अठराही जण लेहराच धरून बसलेत आणि सोलो कुणाचाच नाही. सुरावट तीच राहते, पण खालचा स्वरसंघात वेगळ्या मात्रेवर बदलतो, आणि सम सरकल्याचा भास होतो. मान हलवायला जागा शोधत बसलात तर वैताग येईल. त्यापेक्षा एका जोडीचे हात धरून ठेवा आणि बाकीचं त्याभोवती ऐका.

खुर्चीचं सांगायचं तर पहिल्या तीन-चार रांगा टाळाच. तिथे मॅलेटची लाकडी कटकट गायिकांना गिळून टाकते. गायिका, क्लॅरिनेट, व्हायोलिन आणि चेलो यांना मायक्रोफोन असतात, त्यामुळे खरा तोल साउंडवाल्याच्या टेबलाजवळच जुळतो. त्याच्या मागची-पुढची रांग मिळाली तर उत्तम. बघायचंच असेल तर बाल्कनीची पहिली रांग: एक वादक मरिंबाशी येऊन शेजारी उभा राहतो, तेच वाजवू लागतो, आणि मग आधीचा हात काढून पियानोकडे जातो. प्रवाहाला चरा पडत नाही. खालून हे नीट दिसत नाही.

जागा कुठली, हेही बघा. उंच दगडी चर्चमध्ये ही रचना ठेवण्याची हौस अनेकांना असते. पण आवाज दोन सेकंद रेंगाळत असेल तर डझनभर आघात एकावर एक चढतात आणि उरतो गोड चिखल. कोरड्या, मध्यम सभागृहात प्रत्येक दाणा वेगळा लागतो.

ईसीएम या कंपनीने १९७८ मध्ये काढलेली या रचनेची तबकडी आधी एकदा ऐकून जा, पण पाठ करून जाऊ नका. पूर्वार्धात राइखचंच ‘क्लॅपिंग म्युझिक’ (१९७२) असेल तर चांगलंच: दोन माणसं, चार तळहात, बारा मात्रांचा एक तुकडा, एक जण तो तसाच धरतो, दुसरा एकेक मात्रा सरकवत परत जुळेपर्यंत फिरवतो. कान तयार होतात.

शेवटी वाद्यं एकेक करून गळतात आणि आवाज बारीक होत जातो. टाळी घाईने वाजवू नका. व्हायोलिनचा गज खाली येईपर्यंत थांबा.