सहा किलोच्या रिगसाठी ट्रायपॉड: सॅक्टलर अॅक्टिव्ह ८ आणि फ्लोटेक ७५

सोनी एफएक्स६ या सिने कॅमेऱ्याची नुसती बॉडी एक किलोसुद्धा भरत नाही. म्हणून ट्रायपॉड घेताना बरेच जण हलक्या हेडकडे (कॅमेरा ज्यावर बसतो आणि फिरतो तो वरचा भाग) वळतात आणि तिथेच फसतात. दीड किलोच्या पुढचा सिने झूम, पाऊण किलोच्या आसपासची व्ही-माउंट बॅटरी, बेसप्लेट, रॉड, मॅट बॉक्स, फॉलो फोकस, मॉनिटर आणि वायरलेस चढवा, मग काट्यावर ठेवा. या सजवलेल्या कॅमेऱ्याचा, म्हणजे रिगचा, आकडा सहज साडेपाच-सहा किलोवर जातो. अॅक्टिव्ह ८ हे हेड आणि फ्लोटेक ७५ हे पाय, ही जोडी आम्ही याच वजनासाठी तपासली आहे.

आधी एक हिशोब. हेडच्या खोक्यावर 'पेलोड' म्हणून जो आकडा छापलेला असतो, त्यावरून हेड मोडणार नाही एवढंच समजतं. कॅमेरा खाली झुकवून हात काढला तर तो तिथेच थांबेल का, हे काउंटरबॅलन्सच्या, म्हणजे झुकलेल्या कॅमेऱ्याचं वजन तोलणाऱ्या, स्प्रिंगवर ठरतं. त्या स्प्रिंगला वजन आणि उंची दोन्ही पेलावी लागतात. टिल्टच्या, म्हणजे वर-खाली झुकण्याच्या, आसापासून रिगचा गुरुत्वमध्य जितका वर, तितका झुकवल्यावर ओढा जास्त. सहा किलोच्या रिगचा मध्य १५ सेंटीमीटरवर असेल तर ६ गुणिले १५ म्हणजे ९०. नऊ किलोच्या रिगचा मध्य १० सेंटीमीटरवर असला तरी तेच ९०. म्हणजे टॉप हँडलवर मॉनिटर, त्याच्यावर वायरलेस अशी माडी चढवली की सहा किलोचा कॅमेरा हेडला नऊ किलोचा वाटतो. कंपन्या पेलोडचा तक्ता देतात, त्यात गुरुत्वमध्याची उंची कॅमेऱ्याखालच्या प्लेटच्या पृष्ठभागापासून धरलेली असते. दुकानात जाण्याआधी तो तक्ता उघडा आणि आपल्या उंचीच्या रेषेवर किती किलो लिहिलेत ते बघा.

अॅक्टिव्ह ८ ची कक्षा ० ते १२ किलो आहे आणि बाऊल, म्हणजे हेड पायांवर बसवायची वाटी, ७५ मिमीचा. काउंटरबॅलन्सच्या पायऱ्या बारीक असल्यामुळे सहा किलोच्या रिगला दोन पायऱ्यांच्या मध्ये लटकावं लागत नाही. तुलनेला मॅनफ्रोटो ५०४एक्स घ्या. त्याच्यावरही १२ किलो लिहिलेलं आहे, पण काउंटरबॅलन्सला चारच टप्पे. तुमची रिग नेमकी एखाद्या टप्प्यावर बसली तर ५०४एक्स उत्तम काम देतं आणि पैसेही बरेच वाचतात. नाही बसली तर प्रत्येक टिल्टच्या शेवटी कॅमेरा थोडा वर उचलला जातो किंवा खाली घसरतो, आणि ऑपरेटर ते हँडल दाबून धरून लपवतो. त्याच कंपनीच्या नायट्रोटेक ६०८ आणि ६१२ मध्ये नायट्रोजनचा पिस्टन आहे. त्यात टप्पे नाहीत, सलग फिरवता येतं. पण ६१२ ची कक्षा चार किलोपासून सुरू होते. म्हणजे रिग उतरवून नुसत्या बॉडीवर शूट करायची वेळ आली की ते निरुपयोगी.

स्पीडलेव्हल ही अॅक्टिव्ह ८ ची खरी खासियत. नेहमीच्या हेडला बाऊलच्या खाली एक गुंडी असते. लेव्हल लावायची तर वाकून ती सैल करा, वर पातळीचा बुडबुडा बघा, पुन्हा वाका. इथे हेडच्याच बुडाशी असलेली कळ उचलली की बाऊल सैल होतो आणि दाबली की आवळतो. बुडबुड्याला दिवा आहे, आणि प्रिझममुळे तो वरून दिसतो तसा बाजूनेही दिसतो. ट्रायपॉड खांद्याच्या वर उभा असताना ही सोय फार मोलाची आहे. खाली गुंडी लोंबत नसल्याने पाय पसरून हेड जमिनीलगत नेता येतं, आणि तेच हेड चटकन स्लायडरवरही बसवता येतं. एकच खबरदारी घ्या: कळ उचलताना दुसरा हात कॅमेऱ्याच्या हँडलवर असलाच पाहिजे. अख्खा भार त्या क्षणी मोकळा होतो आणि टॉप-हेवी रिग एका बाजूला धाडकन कलते. तुमच्याकडे ७५ मिमीचे जुने लेग्ज असतील तर त्यांच्यावर हेड प्रत्यक्ष बसवून, कळ आवळून बघा. आधी पैसे देऊ नका.

प्लेटचे दोन प्रकार मिळतात. नावात शेवटी 'टी' असेल तर टच अँड गो, नसेल तर साइडलोड. आमची शिफारस साइडलोडची आहे. त्यात लांब प्लेट पुढेमागे सरकायला जास्त जागा मिळते, आणि जड झूम लावल्यावर ती जागा लागतेच.

बॅलन्स लावायचा क्रम चुकला तर महागडं हेडही वाईट वाटतं. काउंटरबॅलन्स आणि ड्रॅग (हालचालीला होणारा विरोध) दोन्ही शून्यावर आणा, पण हँडल सोडू नका, कारण या अवस्थेत कॅमेरा कुठल्याही बाजूला कोसळू शकतो. कॅमेरा सपाट धरून प्लेट पुढेमागे सरकवा. नाक खाली जात नाही, शेपूटही खाली जात नाही, अशी जागा सापडली की लॉक करा आणि प्लेटवर टेपची खूण करा. मॅट बॉक्स, फिल्टर, बॅटरी सगळं लावून झाल्यावरच हे करा. त्यानंतर कॅमेरा सपाट ठेवूनच काउंटरबॅलन्स वाढवत न्या. प्रत्येक पायरीला ३० अंश खाली झुकवून हाताची पकड हळूच ढिली करा. खाली जात असेल तर एक पायरी वर, उसळी मारत असेल तर एक पायरी खाली. ड्रॅग सगळ्यात शेवटी. लांब लेन्सला जास्त, झटक्यात पॅन मारायचा, म्हणजे कॅमेरा आडवा फिरवायचा असेल तर कमी. पॅन आणि टिल्टचा ड्रॅग सारखा ठेवला नाही तर तिरकी हालचाल वाकडी जाते. काउंटरबॅलन्स कमी पडतंय म्हणून टिल्टचा ड्रॅग वाढवायची सवय सर्रास दिसते. त्याने कॅमेरा पडायचा थांबतो खरा, पण हालचालीची सुरुवात अडखळते.

आता पाय. हेड कितीही चांगलं असलं तरी पाय पिळले गेले तर कॅमेरा थांबवल्यावर फ्रेम थोडी मागे परत येते. हे तपासायला ८५ मिमीची लेन्स लावा आणि दरवाजाच्या चौकटीची उभी कड फ्रेमच्या कडेला आणा. पॅन लॉक करा. हँडलच्या टोकाला एका बोटाने बाजूला हलकं ढकला आणि बोट काढा. मॉनिटरवर चौकट सरकेल आणि परत येईल. परत येताना ती मूळ जागा ओलांडून दोन-तीनदा हेलकावली तर दोष शोधायला हवा. दुसरा हात बाऊलवर ठेवून पुन्हा ढकला. बाऊलच फिरत असेल तर पाय किंवा त्यांचे सांधे कमकुवत आहेत. बाऊल घट्ट असून प्लेट हलत असेल तर बहुतेक वेळा कॅमेरा पाव इंची एकाच स्क्रूवर असतो. दोन स्क्रू लावा किंवा तीन अष्टमांश इंची वापरा, निम्मे त्रास तिथेच संपतात.

फ्लोटेक ७५ कार्बन फायबरचे आहेत आणि २० किलो पेलतात. या वजनाच्या रिगला पिळाच्या बाबतीत त्यांच्याबद्दल तक्रार नाही. लॉक वरच्या टोकाला आहेत. एक कळ उघडली की त्या पायाच्या सगळ्या नळ्या एकदम मोकळ्या होतात, त्यामुळे वाकायला लागत नाही. तोट्याची बाजूही तीच. कॅमेरा वर असताना कळ उघडली आणि हाताने भार घेतला नसेल तर तो पाय सरळ आत जातो. कोकणच्या किनाऱ्यावर आणखी एक अडचण येते. वाळूत काम करताना खालची नळी पूर्ण बाहेर काढून वरची आत ठेवायची पद्धत असते, म्हणजे सांधा पाण्याच्या आणि वाळूच्या वर राहतो. इथे कुठली नळी आधी बाहेर येईल हे आपल्या हातात राहत नाही. दिवस संपला की नळ्या ओढून गोड्या पाण्याने धुवा, पूर्ण सुकू द्या, मगच बंद करा. तेल किंवा स्प्रे मारू नका, त्यावर वाळू चिकटून बसते.

उतारावर एक पाय नेहमी उताराच्या दिशेला ठेवा, सपाट जागी एक पाय लेन्सखाली. टाइल्सच्या फरशीवर ट्रायपॉडच्या पायांना रबरी बूट घाला, माती आणि गवतावर ते काढून टोकं रुतवा. नाट्यगृहात प्रयोगाचं चित्रीकरण असेल तर लाकडी फळ्या टाळून काँक्रीटवर उभे राहा. कुणी जवळून चालत गेलं तरी फळी हलते आणि लांब लेन्सवर ते लगेच दिसतं. याला कुठल्याच ट्रायपॉडचा इलाज नाही.

रिग आठ किलोच्या वर जात असेल, किंवा २०० मिमीच्या पुढची लेन्स रोज लागत असेल, तर ७५ मिमीच्या बाऊलमध्ये पैसे गुंतवू नका. अॅक्टिव्ह १० आणि फ्लोटेक १०० घ्या. अलेक्सा मिनी एलएफ कॅमेरा सजवून, मोठा झूम लावून उभा केला की मात्र ओकॉनर २५७५ सारखं १५० मिमीचं हेड भाड्याने आणणंच शहाणपणाचं. चॅडवेल ओकॉनर यांनी आपलं हेड मुळात वाफेची इंजिनं चित्रित करण्यासाठी बनवलं होतं. धावत्या गाडीबरोबर अडखळल्याशिवाय पॅन करता यावं ही त्यांची गरज होती, आणि टप्पे नसलेलं काउंटरबॅलन्स ही आजही ओकॉनरची ओळख आहे.

ही जोडी काही लाखांत जाते, म्हणून अनेक जण वापरलेली शोधतात. तेव्हा हेडच्या हँडलला रबर बँड अडकवा, ड्रॅग मधल्या पायरीवर ठेवा आणि रबर अगदी सावकाश ओढा. रबर ताणत जाऊन हेड एकदम झटक्याने सुटलं तर आतलं ग्रीस सुकलंय किंवा चकत्या झिजल्यात. मग ड्रॅगच्या प्रत्येक पायरीवर तेच करा, पॅनला आणि टिल्टला वेगवेगळं. एखादी पायरी आधीच्यापेक्षा हलकी लागली तर ती पायरी गेलेली आहे. फ्लोटेकचे तिन्ही पाय पूर्ण उघडून, लॉक करून, एकेका पायावर अंगाचा भार टाका. एक पाय जरी दोन मिलिमीटर घसरला तरी ब्रेक बदलायचा खर्च किमतीतून वजा करून मागा.