रडारस्कोप आणि डॅमेज असेसमेंट टूलकिट : टॉर्नेडोच्या प्रदेशात राहणाऱ्यांसाठी रिव्ह्यू

ओक्लाहोमा, कॅन्सस, उत्तर टेक्सस इकडे नोकरीनिमित्त नव्याने आलेल्या मराठी मंडळींचे मेसेज दर मार्चमध्ये सुरू होतात, ताई टॉर्नेडोसाठी कुठलं अ‍ॅप घेऊ. एकदाच नीट लिहून ठेवते म्हणजे पुढे नुसती लिंक पाठवायची. मी दोन गोष्टी वापरते, वादळ चालू असताना रडारस्कोप आणि वादळ होऊन गेल्यावर नॅशनल वेदर सर्व्हिसचा, म्हणजे इथल्या सरकारी हवामान खात्याचा, डॅमेज असेसमेंट टूलकिट. दोन्ही भारी आहेत, पण एकाचं काम दुसऱ्याकडून करून घ्यायला गेलात की गडबड होते.

आधी रडारस्कोप. हे पैसे मोजून घ्यायचं अ‍ॅप आहे, आणि उघडल्यावर पहिले दोन दिवस काहीच कळणार नाही हे आत्ताच सांगते. फुकटवाली अ‍ॅप्स पावसाचे रंग छान गुळगुळीत करून दाखवतात आणि त्या नादात नेमकं बघायचं तेच पुसून टाकतात. इथे रडारचा डेटा जसा येतो तसा, ठोकळे ठोकळे दिसतो, आणि कुठलं रडार बघायचं ते आपणच निवडायचं. ओक्लाहोमा सिटीच्या आसपास असाल तर केटीएलएक्स. रिफ्लेक्टिव्हिटी म्हणजे नेहमीचं पाऊस-गारांचं चित्र, त्यात सुपरसेलच्या, म्हणजे स्वतःभोवती फिरणाऱ्या मोठ्या गडगडाटी वादळाच्या, मागच्या कोपऱ्याला आकड्यासारखा बाक दिसतो तो बघायचा. मग व्हेलॉसिटी लावायची. हिरवा म्हणजे रडारकडे येणारा वारा, लाल म्हणजे रडारपासून लांब जाणारा, आणि हे दोन्ही गडद होऊन एकमेकांना चिकटले की तिथे हवा गरगर फिरतेय.

माझ्या मते पैसे वसूल होतात ते तिसऱ्या चित्रावर, कोरिलेशन कोइफिशंट. रडारला दिसणारे कण किती एकसारखे आहेत ते हा आकडा सांगतो. नुसता पाऊस असेल तर तो एकाच्या अगदी जवळ असतो, आणि हवेत पत्रे, फळ्या, इन्सुलेशन, झाडाच्या फांद्या असं काहीही उडायला लागलं की धाडकन खाली येतो. व्हेलॉसिटीत जिथे लाल-हिरवं चिकटलंय बरोबर तिथेच इथे खड्डा दिसला तर टॉर्नेडो खाली उतरलाय आणि कशाला तरी लागलाय, अंधारात, पावसाच्या पडद्याआड असला तरी. बघताना पोटात गोळा येतो कारण ते उडणारं सामान कुणाच्या तरी घरचं असतं. ही सोय २०११ ते २०१३ मध्ये वेदर सर्व्हिसची सगळी रडारं ड्युअल पोलरायझेशनची, म्हणजे आडव्या आणि उभ्या अशा दोन्ही लहरी सोडणारी, केली तेव्हापासूनची.

आता मर्यादा, आणि त्या अ‍ॅपच्या नाहीत रडारच्याच आहेत. सगळ्यात खालचा किरणसुद्धा अर्धा अंश वर तिरका असतो आणि पृथ्वी गोल, त्यामुळे १०० किलोमीटरवर तो जमिनीपासून साधारण दीड किलोमीटर उंचावरून जातो. खाली काय चाललंय ते त्याला दिसतच नाही. शिवाय चित्र काही मिनिटं जुनं असतं, टॉर्नेडो ताशी ५० मैलांनी सरकत असेल तर चार मिनिटांत तीन मैलांच्या पुढे गेलेला असतो. म्हणून अ‍ॅप हातात धरून ड्राइव्हवेमध्ये आकाशाचे व्हिडिओ काढत उभं राहू नका (आमच्या गल्लीतले निम्मे काका लोक हेच करतात).

दुसरी गोष्ट डॅमेज असेसमेंट टूलकिट. हा ब्राउझरमध्ये उघडणारा नकाशा आहे, फुकट. आपल्याकडे अतिवृष्टीनंतर तलाठी पंचनाम्याला येतो ना, तसे इथे वादळानंतर वेदर सर्व्हिसचे लोक टॅबलेट घेऊन रस्त्यारस्त्याने फिरतात आणि एकेका घराची, झाडाची, खांबाची नोंद करतात. नकाशावर टॉर्नेडोचा मार्ग आणि त्यावर ठिपके, ठिपक्यावर क्लिक केलं की काय पडलं, किती पडलं, त्यावरून वारा किती धरला आणि बऱ्याचदा फोटोसुद्धा. मी यात रात्री एक एक वाजेपर्यंत अडकलेय.

हे वापरताना एक पक्कं डोक्यात ठेवा, ईएफ रेटिंग, म्हणजे टॉर्नेडोला ईएफ० ते ईएफ५ असा मिळणारा दर्जा, हा वाऱ्याचा मोजलेला आकडा नाही, नुकसानावरून मागे जाऊन बांधलेला अंदाज आहे. हवामानशास्त्रज्ञ फुजितांनी १९७१ मध्ये मूळ स्केल काढली, सुधारलेली (एन्हान्स्ड फुजिता) म्हणजेच ईएफ स्केल अमेरिकेत १ फेब्रुवारी २००७ पासून लागू झाली. त्यात २८ प्रकारच्या वस्तू आहेत, साधं घर, मोबाइल होम, शाळा, मॉल, झाड असं सगळं, आणि प्रत्येकाच्या नुकसानाच्या पायऱ्या ठरलेल्या. साध्या घराच्या दहा. थोडी कौलं, म्हणजे इथले शिंगल्स, उडाले की वारा ताशी ७९ मैलांच्या आसपास धरतात, छताचा मोठा भाग गेला पण भिंती उभ्या आहेत तर १२२, घर पूर्ण साफ होऊन नुसतं जोतं उरलं तर २००. हे आकडे नीट बांधलेल्या घराचे, भिंती जोत्याला बोल्टने न बांधता नुसत्या खिळ्यांवर उभ्या असतील तर आकडा खाली येतो. म्हणजे सारख्याच वाऱ्यात कच्चं घर गेलं तर रेटिंग कमी आणि मोकळ्या रानात काहीच नसेल तर आणखीच कमी.

याचं सगळ्यात गाजलेलं उदाहरण आमच्याच राज्यातलं, ओक्लाहोमातल्या एल रेनोचा टॉर्नेडो, ३१ मे २०१३. रुंदी २.६ मैल. ट्रकवर बसवलेल्या फिरत्या रडारने ताशी २९५ मैलांच्या वरचा वारा टिपला म्हणून आधी ईएफ५ दिलं, पण जमिनीवर तेवढं नुकसान सापडेना म्हणून ते काढून ईएफ३ केलं. त्याच टॉर्नेडोत टिम समारस गेले, टॉर्नेडोंचा पाठलाग करून अभ्यास करण्यात आयुष्य घातलेला माणूस, सोबत मुलगा पॉल आणि सहकारी कार्ल यंग. ईएफ३ वाचून ‘एवढा काही मोठा नव्हता’ म्हणणारे भेटले की मी हे सांगते. उलटंही होतं. नॉर्थ डकोटातल्या एंडर्लिनचा जून २०२५ चा टॉर्नेडो, मालगाडीचे डबे कसे उलटले आणि फेकले गेले याचा हिशोब करून ऑक्टोबरमध्ये ईएफ५ झाला, ओक्लाहोमा सिटीजवळच्या मूर शहरातल्या २० मे २०१३ च्या टॉर्नेडोनंतरचा पहिलाच. तेव्हा टूलकिटमध्ये ताजं दिसलेलं रेटिंग लगेच फॉरवर्ड करत सुटू नका, ते कच्चं असतं, बदलतं.

घर घेताना मात्र याचा खरंच उपयोग होतो, फक्त लोक समजतात तसा नाही. ‘या बाजूला कधी आला नाही’ हे एजंटकडून ऐकाल, त्याला काही अर्थ नाही. मूरमध्ये १९९९, २००३, २०१० आणि २०१३ असे मोठे टॉर्नेडो आले, मागचा मार्ग बघून पुढचा कळत नसतो. बघायचं ते घरं कुठून फुटली. गॅरेजचं दार आत ढकललं जातं, वारा आत शिरतो, खालून छप्पर उचलतो, छप्पर गेलं की भिंती. फोटोंमध्ये हे इतक्या वेळा दिसतं की नवीन घर बघायला गेल्यावर मी किचनच्या आधी गॅरेजचं दार बघते. मूर शहराने २०१४ मध्ये नियमच केला, नवीन घर ताशी १३५ मैलांच्या वाऱ्याला टिकेल असं बांधायचं. मूरच्या बाहेर घेणार असाल तर बिल्डरला विचारा, दार किती वाऱ्याचं, छत भिंतीला कशाने जोडलंय, भिंत जोत्याला बोल्टने आहे का. आणि शेल्टर कुठेय, कारण इथे बहुतेक घरांना तळघर नसतंच.

तक्रार एकच, टूलकिट नवख्या माणसासाठी बनवलेलाच नाही. संक्षिप्त शब्दांचा नुसता मारा, समजावून कोणी सांगत नाही, आणि खूप जुनी वादळं त्यात मिळत नाहीत. तरी पाचपैकी साडेचार देईन, रडारस्कोपला चार.

पण बजेट एकाच गोष्टीचं असेल तर या दोन्हीच्या आधी बॅटरीवर चालणारा वेदर रेडिओ घ्या. सायरन बाहेरच्या लोकांसाठी असतात, रात्री दोन वाजता एसी चालू असताना बंद खोलीत ऐकू येतीलच असं नाही. कोकणात निसर्ग चक्रीवादळ आलं तेव्हा लोकांना आधीच हलवता आलं, इथे वॉर्निंगनंतर हातात मिनिटं असतात. रेडिओत आपल्या काउंटीचा (इथला जिल्हाच समजा) कोड टाकायला विसरू नका, नाहीतर शेजारच्या काउंट्यांसाठी पण रात्रभर कोकलत बसेल आणि तुम्ही वैतागून तो बंद कराल. क्लीव्हलंड काउंटीचा, म्हणजे मूर आणि नॉर्मनचा, ०४००२७.