ओटो मेलारा ७६/६२ सुपर रॅपिड: वेग मिनिटाला १२०, साठा ८०च्या आसपास

फ्रिगेट किंवा कॉर्व्हेट अशा मध्यम-लहान युद्धनौकेवर एकच मुख्य तोफ बसवायची असेल, तर आमचं मत अजूनही ७६ मिलिमीटरच्या सुपर रॅपिडलाच. ओटो मेलारा ही इटालियन कंपनी आता लिओनार्दो या कंपनीत सामावली, तोफेचा मूळ आराखडा साठच्या दशकातला, तरी हलक्या वजनात एवढी सर्वांगीण कामाची दुसरी तोफ नाही. फक्त माहितीपत्रकातला मिनिटाला १२० राउंडचा (राउंड म्हणजे काडतूस आणि गोळा मिळून एक नग) आकडा वाचताना एक साधा हिशेब करावा. तयार राउंड ८०च्या आसपास असतात. सलग मारा केला तर ४० सेकंदांत मॅगझिन, म्हणजे तयार राउंडचा साठा, रिकामं.

हा साठा डेकखाली, बुर्जासोबतच (तोफेच्या फिरत्या घुमटासोबत) फिरणाऱ्या गोल मॅगझिनमध्ये असतो. राउंड दोन वर्तुळांत उभे लावलेले. हायड्रॉलिक मोटर मॅगझिन टप्प्याटप्प्याने फिरवते, मधला स्क्रूसारखा उचलक राउंड वर नेतो, वर दोन झुलते हात आळीपाळीने ते घेऊन भरणीच्या जागी आणतात. बुर्जात माणूस नसतो. ही साखळी सुरळीत चालते तेव्हा तिच्याइतकं देखणं यंत्र नाही, पण एक कडी अडली की सगळंच थांबतं. बहुतेक वेळा कारण क्षुल्लक असतं: चेपलेलं काडतूस, सुकून घट्ट झालेलं ग्रीस, सीलमधून झिरपून उतरलेला हायड्रॉलिक दाब. म्हणून मॅगझिन भरताना प्रत्येक काडतुसाच्या कडेवरून हात फिरवावा. पोचा जाणवला, की तो राउंड बाजूला.

भरणी हाताने होते आणि खरी दमछाक तिथेच आहे. एक राउंड साधारण १२.३ किलोचा, म्हणजे पूर्ण मॅगझिन भरायला जवळजवळ एक टन माल उचलायचा, तोही अरुंद खोलीत आणि जहाज डोलत असताना. माऱ्याचा वेग यंत्र ठरवतं, पण मारा किती वेळ टिकणार हे खालची माणसं ठरवतात. सरावात या भरणीची वेळ घड्याळ लावून मोजली पाहिजे.

हवाई लक्ष्यावर ही तोफ पैसे वसूल करते. बुर्ज सेकंदाला ६० अंशांपर्यंत वळतो, नळी उणे १५ पासून ८५ अंशांपर्यंत जाते. गोळा तोंडातून सेकंदाला ९०० मीटरहून अधिक वेगाने निघतो, तरी ४ किलोमीटरला पोचायला चार सेकंदांहून जास्त लागतातच. तेवढ्यात सेकंदाला ३०० मीटर वेगाचं क्षेपणास्त्र सव्वा किलोमीटर पुढे सरकलेलं असतं. म्हणून लांब सरबत्तीपेक्षा छोटे, नेमके झटके द्यावेत, रडारवर परिणाम पाहावा, मग पुढचा. २ मार्च २०२४ रोजी लाल समुद्रात इटलीच्या काइयो दुइलिओ या विनाशिकेने याच तोफांनी ड्रोन पाडला.

नेम बिघडतो तो बहुधा देखभालीमुळे. नळी झिजली की गोळ्याचा वेग घटतो. फायर कंट्रोलमध्ये, म्हणजे नेमाचा हिशेब करणाऱ्या यंत्रणेत, जुनाच वेग भरलेला असेल तर सगळे गोळे लक्ष्याच्या अलीकडेच पडतात. तोफ आणि रडार यांची जुळणी किंचित हलली तरी लांब पल्ल्यावर फरक उघड दिसतो. माऱ्याआधी तोंडावरचं झाकण काढणं, नळीतलं तेल पुसून कोरडं करणं, हायड्रॉलिक दाब पाहणं, डमी राउंडने साखळी एकदा फिरवणं, आणि नळीच्या वाटेत जहाजाचा कुठलाही भाग येत नाही याची खात्री करणं. मारा झाल्यावर गोड्या पाण्याने धुणं, ब्रश, तेल. खारट हवेत हे उद्यावर ढकललं तर गंज वाट पाहत नाही.

तापलेल्या नळीत राउंड पेटलाच नाही, तर ब्रीच (नळीचं मागचं, भरणीचं तोंड) घाईने उघडू नये. उष्णतेनेच तो उडू शकतो. नळी सुरक्षित दिशेला धरायची, थंडावा चालू ठेवायचा आणि तोफेच्या पुस्तिकेतला क्रम अक्षरशः पाळायचा.

पर्यायांचं म्हणाल, तर बोफोर्सची ५७ मिलिमीटर मार्क ३ मिनिटाला २२० राउंड मारते आणि तयार साठा १२० ठेवते. झुंडीने येणाऱ्या छोट्या बोटींसमोर तीच बरी. पण तिचा गोळा अडीच किलोच्या आतला, ७६चा सहा किलोंच्या वर. किनाऱ्यावर मारा हेच मुख्य काम असेल तर १२७ मिलिमीटरकडे जावं.

सुपर रॅपिडसोबत स्ट्रालेस संच मिळत असेल तर जरूर घ्यावा. त्यातला डार्ट हा गोळा रेडिओ किरणाने वाट सुधारत जातो आणि ५ किलोमीटर साधारण ५ सेकंदांत कापतो. डेकखाली जागाच नसेल तर सोव्राप्पोंते ही आवृत्ती आहे: डेक फोडावा लागत नाही, हँगरच्या छतावरही बसते, तयार राउंड ७६. जुन्या जहाजावर बदल करणाऱ्यांनी आधी मॅगझिनच्या खोलीचं माप घ्यावं, तोफेची निवड नंतर.