मामांचा नॅड अन् नवा डेनॉन, एकाच टेबलावर

सोलापुरात कुणालाही सांगा की घरात डॉल्बी बसवलाय, पहिला प्रश्न येतो "मिरवणुकीला भाड्यानं देता का?" शेजारच्या काकूंनी तर खरंच काळजीनं विचारलं की काचा टिकतील ना आमच्या. तर आधीच सांगतो, हा त्या डॉल्बीचा रिव्ह्यू नाही. जुळे सोलापुरातली १२ बाय १४ ची खोली, त्यात डेनॉनचा एव्हीआर-एक्स३८००एच रिसीव्हर, म्हणजे होम थिएटरचे सगळे स्पीकर सांभाळणारं मशीन, आणि पुढचे दोन स्पीकर चालवायला मामांचा जुना अ‍ॅम्प्लिफायर, नॅड ३०२०. सहा महिने रोज वापरून मग लिहितोय.

नॅड ३०२० माहीत नसेल तर, १९७८ ला आलेला छोटा अ‍ॅम्प्लिफायर (स्पीकरसाठी आवाज मोठा करणारं मशीन) आहे, चॅनेलला फक्त २० वॅट, दिसायला एकदम साधा, तहसीलमधल्या कपाटासारखा. मामा कुवेतला होते, ८२ साली तिकडून आणला, त्यामुळं व्होल्टेजची भानगड नव्हती. माझ्या एका मित्रानं अमेरिकेतून मॅरांट्झ २२७० हा जुना रिसीव्हर मागवला तर तो १२० व्होल्टवाला निघाला, त्याला स्टेपडाउन ट्रान्सफॉर्मर घ्यावा लागला, आणि दुसऱ्या एकानं तसलाच पीस थेट आपल्या २३० च्या बोर्डात खुपसला, त्याची स्टोरी लई छोटी आहे.

मामा गेल्यावर नॅड दहा वर्षं माळ्यावर होता, चादरीत गुंडाळून (सोलापुरी चादर, दुसरं काय). खाली काढला तेव्हा आवाज एकाच बाजूनं आणि व्हॉल्यूम फिरवला की खरखर. आधी एका दुकानात नेला, नाव नको, तिथला पोरगा म्हणाला आतलं सगळं काढून ब्लूटूथ किट बसवून देतो, यूएसबी पण येईल. मी मशीन उचललं आणि चालू पडलो.

मग कुणीतरी कन्ना चौकाकडच्या एका म्हाताऱ्या मेकॅनिककाकांचा पत्ता दिला. दुकानावर पाटी नाही काही नाही, समोर पॉवरलूमची खटखट चालू. "कुठनं आणलाव ओ हे?" म्हणत त्यांनी झाकण उघडलं आणि प्लग बोर्डात न घालता आधी १०० वॅटचा साधा बल्ब सिरीजमध्ये लावला, म्हणजे करंट बल्बमधून होऊनच मशीनला जाणार. बल्ब फकदिशी पेटला आणि लगेच मंद झाला, म्हणजे आत शॉर्ट नाही, बल्ब तसाच भगभगीत राहिला असता तर ट्रान्झिस्टर किंवा सप्लायमध्ये काहीतरी गेलंय. मग मीटरनं स्पीकरच्या टर्मिनलवर डीसी (स्पीकरला जाळू शकणारा नको असलेला करंट) किती येतोय ते बघितलं, २८ मिलिव्होल्ट, म्हणाले चालतंय. जुने फिल्टर कॅपॅसिटर बदलले, व्हॉल्यूम आणि सिलेक्टरमध्ये कॉन्टॅक्ट क्लीनर मारला, एक सुटलेलं सोल्डर परत धरलं. मजुरीसकट २८०० रुपये. त्या लूमच्या खटखटीत काकांना अ‍ॅम्पचा हम (बारीक घूं आवाज) कसा ऐकू येतो हे देवालाच ठाऊक, पण येतो. या कामाला पाचपैकी पाच, चहा पण त्यांनीच पाजला.

आता जोडणी. रिसीव्हर घेताना एकच गोष्ट आधी बघा, मागं फ्रंट लेफ्ट-राइटचे प्री-आउट, म्हणजे दुसऱ्या अ‍ॅम्पला सिग्नल द्यायची भोकं, आहेत का. स्वस्तातल्या बऱ्याच रिसीव्हरला फक्त सबवूफरचा प्री-आउट असतो, मग हा खेळ जमत नाही. ३८००एच ला सगळ्या चॅनेलचे आहेत म्हणून तर एवढे पैसे घातले. तिथून साधी आरसीए वायर (लाल-पांढऱ्या पिनांची) नॅडच्या ऑक्स इनपुटमध्ये. फोनोमध्ये चुकूनही नाही, ते रेकॉर्ड प्लेअरच्या बारीक सिग्नलसाठी आहे, तिथं रिसीव्हरचा मोठा सिग्नल गेला तर आवाज फाटून कानाखाली बसेल.

दुसरा मार्गही आहे. नॅडच्या मागं प्री-आउट आणि पॉवर-इन जोडणारे धातूचे यू आकाराचे जंपर असतात, ते काढले की नुसता पॉवर अ‍ॅम्प वापरता येतो आणि व्हॉल्यूमचं बटण बादच होतं. थिएटरसाठी खरं तर हेच जास्त बरोबर. पण मला रिसीव्हर बंद ठेवून रेकॉर्ड ऐकायच्या होत्या म्हणून मी ऑक्स धरला, आणि त्याची किंमत म्हणजे नॅडचा व्हॉल्यूम एका जागी ठेवायचा आणि मगच ऑडिसी (माइक लावून स्पीकरचे आवाज आपोआप जुळवणारी डेनॉनमधली सोय) चालवायचं. पहिल्यांदा बटण बरोब्बर मधोमध ठेवलं तर ऑडिसीनं फ्रंटला उणे १२ डेसिबल दाखवलं, म्हणजे त्याची खालची हद्दच संपली, आता किती जास्त आहे ते कळणार कसं. थोडं खाली आणून परत केलं, मग उणे ३ वर बसलं. तिथं लाल नेलपॉलिशचा ठिपका दिलाय. बेस-ट्रेबलची बटणं मधोमध, लाउडनेस बंद.

२० वॅट पुरतात का? पुरतात. डेनॉनच्या सेटिंगमध्ये फ्रंट 'स्मॉल' करून ८० हर्ट्झला क्रॉसओव्हर (आवाज वाटायची हद्द) दिला की त्याखालचं जड काम सबवूफरकडं जातं, आणि एका वॅटला एक मीटरवर ९० डेसिबल देणाऱ्या स्पीकरला २० वॅटमध्ये तिथंच १०३ डेसिबलपर्यंत आवाज निघतो, त्याआधीच काकू दारात येतील.

हमनं मात्र दोन दिवस खाल्ले. वायर बदलल्या, जागा बदलली, काकांना फोन केला, ते म्हणाले डिशची वायर काढून बघा. काढली, शांत. ग्राउंड लूप होता, म्हणजे दोन वाटांनी अर्थ जोडली गेल्यानं येणारा हम, त्या केबलवर आयसोलेटर (ती वाट तोडणारा छोटा डबा) लावला आणि मिटलं. अर्थची पिन कापायचा सल्ला पण एकानं दिला होता, तसलं अजिबात करू नका.

आवाजाचं खरं सांगू का, सिनेमात फार फरक नाही. डायलॉग सेंटरमधून येतात आणि सेंटर डेनॉनच चालवतो. नुसत्या सिनेमासाठी जुना अ‍ॅम्प विकत आणणार असाल तर ते पैसे सबवूफरमध्ये घाला. मजा आहे ती रात्री, डेनॉन बंद, टीव्ही बंद, आणि नॅडच्या फोनोवर भीमसेनजींची एलपी. तंबोरा खोलीत भरतो तो भरतोच. घरात असा एखादा आधीच पडून असेल तर मात्र जरूर जोडा.

त्रास पण आहे. आधी डेनॉन चालू करायचा मग नॅड, बंद करताना उलट, नाहीतर स्पीकरमध्ये धप्प. लाइट गेली की क्रम बिम काही नाही, धप्प ठरलेला. मेमध्ये ४२ च्या पुढं पारा असताना दोन्ही गरम मशीन एकावर एक ठेवायची नाहीत, शेजारी शेजारी ठेवा. आणि भाचा सुट्टीत आला की नेलपॉलिशच्या ठिपक्याला काही किंमत राहत नाही.

एकूण पाचपैकी चार, नॅडला रिमोट नाही त्याचा एक कापला. आईनं तर शून्यच दिला असता, नॅडचं बटण दाबायला उठणार कोण म्हणून ती अजून मालिका टीव्हीच्याच स्पीकरवर बघते.