हजेरीपटावरचं भूत : ‘व्हिस्परिंग कॉरिडॉर्स’

लेकीची बारावीची पूर्वपरीक्षा संपली आणि तिनं बक्षीस मागितलं. ड्रेस नको, मोबाईल नको. "आई, एक कोरियन सिनेमा तू माझ्याबरोबर बघायचास. मध्येच कुकर लावायला उठायचं नाही." मला वाटलं, असेल काहीतरी गुलाबी, पावसात छत्री, चेरीची झाडं, बारा भागांनंतर हातात हात. शनिवारी रात्री सासूबाई झोपल्यावर तिनं लॅपटॉप उशीवर ठेवला आणि पहिल्या दहा मिनिटांतच पडद्यावर एका शिक्षिकेचा मुडदा पडला. मी शिक्षिका आहे. सव्वीस वर्षं मुलींच्या शाळेत गणित शिकवतेय. लेक गालात हसत होती. हे तिनं ठरवूनच केलं होतं.

सिनेमा १९९८ सालचा. दिग्दर्शक पार्क की-ह्योंग. कोरियन नाव ‘योगो ग्वेदाम’. योगो म्हणजे मुलींचं हायस्कूल आणि ग्वेदाम म्हणजे भुताखेताची गोष्ट. इतकं सरळ नाव असताना इंग्रजीवाल्यांनी कुजबुजणारे व्हरांडे कुठून आणले कोण जाणे. सिनेमात व्हरांडा कुजबुजत नाही. तो गप्प असतो, म्हणून तर भीती वाटते.

सुरुवात अशी. रात्री रिकाम्या शाळेत पार्कबाई जुनी वार्षिक स्मरणपुस्तकं चाळत बसल्यात. मुलींनी त्यांना ठेवलेलं नाव ‘म्हातारी कोल्हीण’. पानं उलटता उलटता त्यांना काहीतरी दिसतं आणि त्या घाईघाईनं आपल्या जुन्या विद्यार्थिनीला, उन-यंगला, फोन लावतात. ही उन-यंग याच शाळेत नव्यानं शिक्षिका म्हणून रुजू होणार आहे. पार्कबाई सांगतात, जिन-जू तर मेली होती, पण ती अजून शाळेत येतेय. फोन तुटतो. सकाळी मुलींना बाई लटकलेल्या सापडतात.

म्हणजे भूत आहे हे कळलं, ते सूडाचं आहे हेही कळलं, आणि ते गणवेश घालून वर्गातल्या बाकावर बसलंय हेसुद्धा कळलं. फक्त कुठल्या बाकावर, ते कळत नाही. मी सांगणारही नाही. लेकीनं विसाव्या मिनिटाला ओळखलं. मी शेवटपर्यंत भलतीवरच संशय घेत बसले. सव्वीस वर्षांचा अनुभव असा कामी आला.

कोरियातलं पारंपरिक भूत म्हणजे लग्न न होता मेलेली मुलगी. पांढरे कपडे, मोकळे केस, मनात काहीतरी राहून गेलेलं. त्या राहून गेलेल्या सलाला ते ‘हान’ म्हणतात. मिर्यांग गावच्या आरांगची लोककथा तिकडे पोराटोरांना माहीत असते. ती अधिकाऱ्याची मुलगी, तिचा खून होतो. मग नवा येणारा प्रत्येक अधिकारी पहिल्याच रात्री भीतीनं मरतो, कारण ती न्याय मागायला समोर उभी राहते. शेवटी एक जण न घाबरता तिचं ऐकून घेतो आणि प्रकरण मिटतं. आपल्याकडचा मुंजाही असाच काहीतरी राहून गेलेला, पण तो पिंपळावर बसतो आणि गावाला माहीत असतो. लोक तिन्हीसांजेला त्या झाडाखालून जायचं टाळतात. या सिनेमातल्या मुलीला मात्र कुणी टाळत नाही. तिचं जे राहून गेलंय ते म्हणजे शाळा. मैत्रीण, डबा, शेवटचा तास, निरोपाचा फोटो. ती दर तीन वर्षांनी पुन्हा प्रवेश घेते, पुन्हा फोटोत उभी राहते आणि कुणाच्याही लक्षात येत नाही. नऊ वर्षं!

मी लॅपटॉप थांबवला तो इथे. लेक म्हणाली, "घाबरलीस?" मी म्हटलं, "पाणी पिते जरा."

खरं कारण वेगळं होतं. चारेक वर्षांपूर्वी माझ्या नववीच्या एका तुकडीत चौसष्ट मुली होत्या. हजेरी नंबरानं. मान खाली, पेन हजेरीपटावर, "सत्तावीस?" "हजर." "अठ्ठावीस?" "हजर." एकोणतीस नंबरची मुलगी अकरा दिवस शाळेत आलीच नव्हती. तिची हजेरी शेजारीण लावत होती, आवाज जरासा बारीक करून. मला पत्ताच नाही. तिची आई चौकशीला आली तेव्हा उलगडा झाला. पोर आजारी मामाच्या घरी राबायला गेली होती. माझ्या कॅटलॉगात अकरा दिवस ‘उ’. लाल शाईनं खाडाखोड करताना शिपाईमामांनी माझ्याकडे ज्या नजरेनं पाहिलं, ती नजर मला त्या स्मरणपुस्तकांच्या प्रसंगात पुन्हा दिसली. न आलेली मुलगी मी हजर लावली, तिकडच्यांनी मेलेली लावली. फरक आहे, पण फार नाही.

म्हणून मला हा सिनेमा भुतापेक्षा शिक्षकांचा वाटला. पार्कबाईंच्या जागी वर्गशिक्षक म्हणून ‘ओ’ आडनावाचे सर येतात. मुलींच्या भाषेत ‘पिसाळलेलं कुत्रं’. हे पात्र इतकं बरोबर लिहिलंय की अंगावर काटा आला. तो आरडाओरडा करतो, थोबाडीत मारतो, पण त्याहून वाईट म्हणजे तो तुलना करतो. सो-यंग हुशार आणि देखणी, तिच्या जवळजवळ जातो, नको तितका. जुंग-सूक दुसऱ्या नंबरची, तिला सगळ्यांसमोर सो-यंगच्या नावानं टोचतो. या दोघी एकेकाळच्या मैत्रिणी. वर्गात आता त्या एकमेकींकडे बघतही नाहीत. जुंग-सूकचं काम करणारी युन जी-ह्ये फारसं बोलत नाही, नुसती खालमानेनं बसते, आणि तिच्या त्या बसण्यात पूर्ण दहावी-बारावी दिसते. चित्रं काढणारी जी-ओ (किम ग्यु-री) मेलेल्या बाईंचं चित्र काढते आणि त्यासाठी मार खाते. तो प्रसंग मला बघवला नाही. छडी उगारताना चेहऱ्यावर येणारं ते समाधान मी खऱ्या माणसांच्या चेहऱ्यावर पाहिलंय. आपल्याकडे २००९च्या शिक्षणहक्क कायद्यानं शारीरिक शिक्षेला बंदी घातली, म्हणून छडी कपाटामागे गेली. तुलनेला कुठलं कलम लावणार?

तिकडे सिनेमा लागला तेव्हा शिक्षकांच्या संघटनेनं आक्षेप घेतला होता, शिक्षकांची बदनामी होते म्हणून. आमच्या स्टाफरूममध्येही तेच झालं असतं, यात मला शंका नाही. पण चित्रपट जोरात चालला आणि तिथल्या भयपटांची नवी लाट इथूनच सुरू झाली असं मानतात. कोरियात दोनच वर्षं आधी, १९९६ साली, तिथल्या घटना न्यायालयानं चित्रपटांची प्रदर्शनापूर्वीची सेन्सॉरशिप घटनाबाह्य ठरवली होती. त्याआधी असा मारकुटा मास्तर पडद्यावर इतका उघडा दाखवणं जमलं असतं का, मला नाही वाटत.

एक गंमत लेकीनं सांगितली. उन-यंगचं काम करणारी ली मी-यॉन १९८९च्या एका सिनेमात शाळकरी मुलगी होती, परीक्षेच्या ओझ्याखाली पिचलेली. त्या सिनेमाच्या नावाचा अर्थच ‘सुख काही मार्कांच्या क्रमानं मिळत नाही’. बरोबर नऊ वर्षांनी तीच नटी बाई होऊन शाळेच्या फाटकातून आत येते. तिकडच्या प्रेक्षकांना ते आपोआप कळलं असणार. मला समजावून सांगावं लागलं, पण त्यानंतर तिचा चेहरा मी वेगळ्या नजरेनं पाहिला. दारात उभी राहून ती वर्गाकडे पाहते तेव्हा ती शिक्षिका कमी आणि उशिरा आलेली विद्यार्थिनी जास्त वाटते. जिन-जू तिची जिवलग मैत्रीण. जिन-जूची आई देवऋषीण, म्हणून पार्कबाईंनी उन-यंगला तिच्यापासून लांब राहायला सांगितलेलं. आणि ही राहिली. कोल्हीण बाई मेल्या ते समजू शकतं, पण उन-यंगचं काय करायचं, हा भुतापुढचा खरा पेच आहे.

आता दहशतीचं. व्हरांड्यातला तो एक शॉट लोक उगाच डोक्यावर घेत नाहीत. लांब टोकाला मुलगी उभी. दण्ण. थोडी जवळ. दण्ण. आणखी जवळ. दण्ण, आणि चेहऱ्यानं पडदा भरतो. ती चालत नाही, मधली पावलं कुणीतरी कापून टाकलीत. संगणकाची करामत नाही, नुसती कात्री. मी लेकीचं मनगट इतकं घट्ट धरलं की सकाळी तिनं वळ दाखवला.

पण ज्यांना दर पाच मिनिटांनी रक्ताची चिळकांडी हवी, त्यांनी या वाटेला जाऊ नये. चाकू आहे, मुडदे आहेत, पण मोजके. पावणेदोन तासांच्या आसपासच्या सिनेमात मधला अर्धा तास अक्षरशः ऑफ तासासारखा जातो. मुली जिन्यात बसतात, बोलतात, पुन्हा बसतात. शेवटी भिंतींवरून रक्ताचे ओघळ येतात तो प्रकार तर मला रंगकाम चालू असल्यासारखा वाटला. त्याआधी भूत उभं राहून आपली कैफियत सविस्तर मांडतं. बाई गं, तू नऊ वर्षं गप्प बसून इतकं भेदरवलंस, आता प्रश्नोत्तरं कशाला? आणि तो शेवटचा क्षण, जो पुढच्या भागासाठी ठेवलाय असं वाटतं, तो नसता तर बरं झालं असतं. पुढचे भाग मात्र खरंच आले, २०२१पर्यंत एकूण सहा. पात्रं दरवेळी नवी, शाळा मुलींचीच.

सबटायटल्सबद्दल एक तक्रार. मुली शिक्षकांना ‘सॉनसेंगनिम’ म्हणतात. शिक्षक या शब्दाला आदराचं शेपूट. नाव घ्यायची पद्धतच नाही, आपल्या ‘बाई’सारखं. इंग्रजीत त्याचं कधी मिस, कधी मिस्टर, कधी आडनाव होतं आणि सगळा धाक निघून जातो. ज्या माणसाला मनातल्या मनात पिसाळलेलं कुत्रं म्हणायचं त्यालाच तोंडावर इतक्या अदबीनं हाक मारायची, यातली शाळा फक्त कान देऊन ऐकलं तरच कळते. आवाज बंद करून, नुसतं वाचत बघू नका.

मार्क द्यायचे तर शंभरपैकी बहात्तर. भूमिकांना पूर्ण गुण, व्हरांड्याला दोन जास्तीचे, शेवटच्या वीस मिनिटांचे कापले. बारावीच्या पोरांना परीक्षेच्या आधी दाखवू नये, नंतर जरूर दाखवावा. एकट्यानं बघायला हरकत नाही, पण दुसऱ्या दिवशी शाळेची किल्ली तुमच्याकडे नसावी.

सोमवारी मधल्या सुट्टीत स्टाफरूममध्ये विषय काढला. आमच्याकडचे एक सर, ज्यांच्या टाचांचा आवाज ऐकला की आठवीचा वर्ग गप्प होतो, डबा उघडता उघडता म्हणाले, "भुताबितावर आपला विश्वास नाही बाई." मग पोळीचा तुकडा मोडून थांबले आणि विचारलं, "त्यातल्या त्या मारकुट्या सरांचं पुढे काय होतं?"

मी म्हटलं, "लिंक पाठवते. रात्री बघा."